बंगल्यातलं तांदळाचं धुवण

मालिका बघायला बसले की माझ्या मांडीवर वही असते. दूध संस्थेच्या जुन्या रजिस्टरांत शेवटची पंधरा-वीस पानं कोरी राहतात. ती काढून, जाड दोऱ्यानं शिवून मी घरच्या वह्या करते. एकीत टँकरचे वार, एकीत संपत आलेलं सामान, एकीत कुणाला काय निरोप द्यायचा ते. मालिकांच्या वहीवर मी ‘न पटलेलं’ असं लिहिलं आहे. सध्या सातवी चालू आहे.

नवरा म्हणतो, एवढं पटत नाही तर बघतेस कशाला. मी आवडीनं बघते. संध्याकाळचं संकलन आटपून, फॅटचं मशीन पुसून साडेसातला घरी येते आणि आठला टीव्हीसमोर असते. पण गावच्या दूध संस्थेची सचिव म्हणून माझी वीस वर्षं लॅक्टोमीटर हातात धरून गेली आहेत. भांड्यात काय आहे ते भांडं आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवायचं नाही, ही सवय लागली की ती संस्थेत ठेवून घरी येता येत नाही. दुधात पाणी किती ते लॅक्टोमीटर सांगतो. मालिकेत किती, ते मला कळतं. चिठ्ठी सोमवारी सापडते आणि पुढच्या गुरुवारी उघडली जाते. मधलं सगळं पाणी.

वहीत असल्याच नोंदी आहेत. घरात नऊ माणसं, पण भांडी घासताना कुणी दिसत नाही. घराण्याची मोठी कंपनी आहे, रोज फायलींवर सह्या होतात, पण कंपनी नेमकं काय बनवते ते तीन वर्षांत कळलेलं नाही. दाराआडून चोरून ऐकणारी बाई काचेच्या दाराआड उभी असते. आणि मालिकेतलं गाव. तिथं चैत्रात विहीर काठोकाठ भरलेली असते, शेतकऱ्याच्या धोतराला इस्त्री असते. देऊळ असतं, पाटील असतो, पण सोसायटी नसते. चेअरमन नसतो, टँकर नसतो, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा नसते. असलं गाव मी बीड जिल्ह्यात तरी पाहिलं नाही.

पण माझा सगळ्यात मोठा संशय वेगळाच आहे. मालिकेत कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. “तू काल कुठे होतीस?” असं एक जण विचारतो. “मंदिरात,” असं दुसरी सांगते. विषय संपला. कुठलं मंदिर, कुणाबरोबर, मग चपलांना चिखल कसा, हे विचारलं की कथा तिथंच बसते. म्हणून लेखक विचारू देत नाही.

दुसरा प्रश्न विचारायला मला माझ्या सासूनं शिकवलं. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टीव्ही बघताना ती माझ्यापेक्षा कडक होती. मालिकेत कुणी बोलता बोलता नळ उघडा ठेवून हात धुतले, की तिला पुढचं बोलणं ऐकूच यायचं नाही. नळ बंद होईपर्यंत ती नळाकडं बघत बसायची. देवापुढचा दिवा विझला आणि घरातली सगळी माणसं घाबरली, की ती म्हणायची, “खिडकी लावा म्हणावं.” आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली तेव्हा ती परकरातली पोर होती आणि तिच्या बापानं घरातले देव नदीत सोडलेले तिनं पाहिले होते. त्यानंतर घरावर काय कोसळतं याची तिनं बरीच वर्षं वाट बघितली, काही कोसळलं नाही. तेव्हापासून विझलेल्या दिव्यावर तिचा विश्वास नव्हता.

तिला मालिकेपासून लांब पाठवायची वेळ आली ती त्या लागोपाठच्या दुष्काळातल्या तिसऱ्या वर्षी. पालीजवळच्या धरणात पाण्यापेक्षा भेगा जास्त होत्या. आमच्या संस्थेत दूध निम्म्यावर आलं होतं. एक मात्र खरं, त्या वर्षी लॅक्टोमीटर कुणालाच खोटं पाडत नव्हता, कारण दुधात घालायला कुणाकडं पाणीच नव्हतं. आमच्या दावणीला दोन गाई होत्या. एक दुभती जर्सी आणि एक लालकंधारी, तिला आठवा महिना चालू होता. लालकंधारी आत्याबाईनं कालवड असल्यापासून हातानं चारून वाढवली होती. वैरण माघातच संपली. नवरा परळीला वीजकेंद्रात कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा, कॉलरवर राख घेऊन. त्यानं सरळ सांगितलं, चारा छावणीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दोन्ही गाई नेकनूरच्या रविवारच्या बाजारात न्यायच्या.

छावणी आमच्या गावापासून तीन कोसांवर माळावर लागली होती. एका सहकारी संस्थेनं चालवायला घेतलेली. जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला मारायचे आणि रोज सकाळी हजेरी. नियम असा की जनावराजवळ घरचं माणूस पाहिजे. माणूस नसेल तर वैरण घालणार कोण, पाणी पाजणार कोण, म्हणून दोन हजेऱ्यांना माणूस दिसलं नाही तर जनावर यादीतून कमी. आमच्या घरात माणसं किती? नवरा परळीला, मुलगी नर्सिंगला लातूरला, मी सकाळ-संध्याकाळ संकलनाला बांधलेली. उरली आत्याबाई.

मी वहीत सगळं मांडून तिच्यापुढं बसले. ताडपत्री, खाट, घमेलं, कंदील, दुपारचा डबा मी रोज स्कूटीवरून आणणार. शेवटी म्हणाले, “थोडेच दिवस, आत्याबाई. गाय व्येईपर्यंत. मग मी कुणाला तरी बघते.”

तिनं डब्यापर्यंतचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आन मालिका?”

तिथं टीव्ही नव्हता. तेव्हा मी कबूल केलं की आदल्या दिवशीचा भाग मी रोज दुपारी येऊन सांगेन. एकही न गाळता. तिनं हीच अट घातली. भाग चुकला की ती गाठोडं घेऊन घरी येणार आणि गाई बाजारात जाणार, हे तिनंही सांगितलं आणि मलाही पक्कं माहीत होतं.

पहिले पाच-सहा दिवस सुरळीत गेले. मी बाराला निघायची, साडेबाराला छावणीत. ती गाईंच्या तोंडात बोट घालून हिरड्या बघत बसलेली असायची, कारण छावणीतल्या नुसत्या उसानं त्यांची तोंडं सोलली होती. तिनं जेवायला घेतलं की मी वही उघडायची. शेजारच्या दावणीला एका धनगराची म्हातारी होती, तिच्या चार गाई. तिच्या घरी टीव्हीच नव्हता. तीही येऊन बसायला लागली. मी सांगत होते ती मालिका त्या वेळी अर्धा जिल्हा बघत होता. मोठा बंगला, कजाग मोठी सून, सोशिक धाकटी सून, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी सासू.

सातव्या संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसले आणि पाचव्या मिनिटाला माझं पेन थांबलं. मोठी सून सासूच्या पायाशी बसली होती. हवापालट म्हणून आश्रमात जा, असं समजावत होती. आणि म्हणाली, “थोडेच दिवस, आई. तुमच्याच भल्यासाठी.” सासू गाडीत बसली. गाडी फाटकाबाहेर गेली आणि सुनेनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. बासरी बंद, ढोल सुरू.

हे मी छावणीत सांगायचं कसं? पायाशी बसून, थोडेच दिवस म्हणत मीही आठवड्यापूर्वी हेच केलं होतं. आत्याबाईला दुसरा प्रश्न सुचायला किती वेळ लागला असता? तसंही जाताना तिनं आपल्या सांदुकीला कुलूप लावून किल्ली बरोबर नेली होती. मला त्याचा राग आला नव्हता. मी फक्त ते बघितलं होतं.

रात्रीची भाकरी थापता थापता मी ठरवलं. आश्रम गाळायचा. त्या जागी मोठ्या सुनेला जिन्यावरून पाडायचं आणि पाय मोडायचा. पाय मोडला की ती अंथरुणात, आणि सासू आपोआप घरात.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. दोघी म्हाताऱ्या खूश झाल्या. धनगराची म्हातारी म्हणाली, “बरं झालं, लई माजली होती.” आत्याबाईनं मात्र विचारलं, “कुठला पाय? कुठल्या पायरीवर?”

मी म्हणाले, डावा, वरून तिसरी. आणि गाडीवर बसायच्या आधी वहीत लिहून ठेवलं, कारण आता ते मलाच लक्षात ठेवायचं होतं.

एकदा वाट सोडली की परत येता येत नाही, हे मला त्या महिन्यात कळलं. टीव्हीवरची सासू आश्रमात, माझ्या गोष्टीतली बंगल्यात. टीव्हीवरच्या मोठ्या सुनेनं कंपनी ताब्यात घेतली, माझी प्लास्टरमध्ये. दोन्ही कथा रोज लांब जात चालल्या. मी संध्याकाळी खरी मालिका बघायची, सकाळी दूध मोजता मोजता माझी रचायची. कुणाच्या तोंडून खरी कथा छावणीत पोचू नये म्हणून मी आमच्या रांगेतल्या अकरा दावणींची चौकशीही केली. कुणाच्या घरी टीव्ही आहे, कुणाचे नातेवाईक डबा आणतात, ते आठला काय बघतात. तीन घरी दुसऱ्या वाहिनीवरची मालिका, एका घरी बातम्या, एकांचा टीव्ही वीज पडून जळालेला. हेही वहीत आहे. आता वाचलं की वाटतं, त्या मालिकेतल्या कुठल्याच खलनायिकेनं इतकी पूर्वतयारी केली नव्हती.

पण मला ते जमत होतं, हे खोटं बोलून लपवणार नाही. इतकी वर्षं लेखकाला नावं ठेवली, तर आता बघू, असं माझ्या मनात होतं. माझ्या बंगल्यात भांडी घासली जात होती. कंपनी खाद्यतेलाचे डबे बनवत होती. प्लास्टर बरोबर सहा आठवड्यांनी निघणार होतं, तारीख वहीत होती. आत्याबाईच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. आणि कधी नसलं, आदल्या रात्री दमून झोप लागली असली, तर मीही तेच करायची. दाराची बेल वाजवायची, धाकटी दार उघडते, समोरच्या माणसाला बघून तिच्या हातातलं ताट पडतं, आणि उरलेलं उद्या. ताट पडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत आत्याबाई छावणी सोडणार नाही याची खात्री असायची. पाणीच ते. मला चवीनं कळत होतं आणि मी घालत होते.

प्लास्टर निघायला आठवडा राहिला होता. गाईचे दिवस भरत आले होते. त्या दुपारी मी माझा सगळ्यात चांगला भाग सांगितला. धाकट्या सुनेवर चोरीचा आळ आलाय आणि ती घर सोडून जायचं ठरवते. पहाटे, कुणी उठायच्या आत. पण जायच्या आधी ती सगळ्यांचा स्वयंपाक करून ठेवते. मी सावकाश सांगत होते. ती तांदूळ निवडते. दोन पाण्यांनी धुते. धुवण सांडू न देता पातेल्यात काढते, वर ताटली झाकते, पातेलं मागच्या दाराशी ठेवते. मग भाताला आधण ठेवते, पदरानं डोळे पुसते आणि बाहेर पडते.

धनगराच्या म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. मी वही मिटली.

आत्याबाई गाईच्या पाठीवरची गोचीड काढत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “धुवण कुणासाठी ठेवलं?”

मी म्हणाले, “कशाचं?”

“तांदळाचं. झाकून ठेवलं न्हवं मागच्या दाराला. त्या बंगल्यात कोन पितंय?”

तीन वर्षं आमच्या गावात धुवणाचा थेंब कुणी सांडला नव्हता. तांदळाचं, डाळीचं, भांड्यांचं पहिलं पाणी, सगळं जनावराला. माझ्या हाताला ते इतकं वळण पडलं होतं की मुंबईच्या बंगल्यातली बाई घर सोडून जातानाही आधी धुवण झाकते, यात मला काही वावगं दिसलं नाही. नळ उघडा ठेवणाऱ्या लेखकाला मी वर्षानुवर्षं हसत होते. त्याचं जसं त्याला दिसत नव्हतं, तसं माझं मला.

“गाय असंल त्यांच्याकडं,” मी म्हणाले.

“दीड महिना झाला. आजवर हंबरली न्हाई ती?”

मी डबा गोळा केला आणि निघाले. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि तेच मला नको होतं. विचारत असली म्हणजे ती अजून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या फाटकाशीच धनगराच्या म्हातारीनं मला अडवलं. म्हणाली, “तुजी सासू सकाळधरनं गठुडं बांधून बसलीय. कावून गं, काय झालं तुमचं?”

गाठोडं खरंच खाटेवर होतं. वर काठी आडवी ठेवलेली. गाईला वैरण घातलेली होती, पाणी पाजलेलं होतं, शेण भरलेलं होतं. काम अर्धं टाकून जाणारी ती नव्हतीच. त्या दिवशी शुक्रवार होता. रविवारी नेकनूरचा बाजार. नवरा शनिवारी येणार होता, आणि आई घरी आलेली दिसली की त्याला दुसरं काही सांगावं लागणार नव्हतं. गाभण गाय बाजारात उभी करायची म्हणजे काय, हे मी संस्थेच्या दारातून त्या वर्षी पुष्कळ पाहिलं होतं.

मी डबा ठेवला. तिनं उघडला नाही.

“खरी गोष्ट काय हाय ती सांग,” ती म्हणाली. “तुजी न्हाई. टीव्हीतली.”

“कधीपासनं?”

“ती जिन्यावरनं पडल्यापासनं.”

म्हणजे तिला पहिल्याच दिवशी शंका आली होती. वरून तिसऱ्या पायरीवरून पडलेल्या बाईचा नुसता पाय मोडतो आणि डोक्याला काही होत नाही, हे तिला तेव्हाच खटकलं होतं. पण गोष्ट बरी चालली होती म्हणून ती गप्प राहिली. धुवण मात्र तिला सोसलं नाही. तिचं म्हणणं असं की जिना टीव्हीवालेही चुकतील, धुवण चुकणार नाहीत, त्यांना ते ठाऊकच नाही. ते फक्त आपल्याच घरातलं माणूस चुकू शकतं.

मी सांगितलं. सगळं, आश्रम, गाडी, किल्ल्यांचा जुडगा, सासूच्या पायाशी बसून म्हटलेलं ते वाक्यसुद्धा. बोलताना मी गाईकडं बघत होते. माझं झालं तेव्हा धनगराची म्हातारीही हातातली पेंढी तशीच धरून उभी होती.

आत्याबाईनं विचारलं, “त्या आश्रमात गाई होत्या का?”

“न्हाई.”

“मग तिला कशापायी पाठवली?”

“घर पाहिजे होतं म्हणून. सुनेला.”

“आन मला?”

हा दुसरा प्रश्न. मी उत्तर तयार ठेवलं होतं, गाई वाचाव्यात म्हणून. ते खरंही होतं. तोंडातून ते निघालंही.

“एवढंच?” ती म्हणाली.

हा तिसरा. तिसऱ्या प्रश्नापर्यंत कुठलीच मालिका जात नाही, त्यामुळे त्याला काय उत्तर देतात ते मी कुठं पाहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, “न्हाई. एवढंच न्हाई. पयले चार-आठ दिवस मला घर मोकळं वाटलं. भांडी माझ्या मनानं लावली. तुमी गेलात म्हणून नीट झोप लागली.”

ती काही वेळ लालकंधारीच्या शिंगाच्या बुडाला खाजवत राहिली. गाईनं डोळे मिटले.

“मलाबी हितं मोकळं वाटलं,” ती म्हणाली. “पयले आठ दिवस. कुनी वही घेऊन मागं लागत न्हाई.”

“मग?”

“मग डास आले.”

धनगराची म्हातारी हसली. आत्याबाई हसली नाही, मीही हसले नाही. तिनं डबा ओढला आणि भाकरी मोडली. जेवता जेवता सांगितलं की गाय व्येईपर्यंत ती राहील, पण गाईसाठी, माझ्यासाठी नाही, आणि उद्यापासून खरं तेच सांगायचं, कितीही वाईट असलं तरी. सांदुकीची किल्ली मात्र तिनं मला दिली नाही. मी मागितलीही नाही.

गाठोडंही तिनं सोडलं नाही. शेवटपर्यंत ते बांधलेलंच होतं. रोज लागेल तेवढं लुगडं ती गाठीच्या बाजूनं ओढून काढायची आणि धुऊन, वाळवून परत तिथंच कोंबायची. मी दुपारी गेले की आधी खाटेकडं बघायची, मग गाईकडं. तिनं ते ओळखलं होतं असं मला वाटतं, कारण कधी कधी गाठोडं मुद्दाम खाटेच्या अगदी कडेला आणून ठेवलेलं असायचं.

शनिवारी नवरा आला तेव्हा मी त्याला फक्त एवढं सांगितलं की आई राहतेय. तो म्हणाला, तिला विचारून येतो. रविवारी सकाळी बाजाराला न जाता तो छावणीत जाऊन आला. आल्यावर म्हणाला, “ती मला म्हणाली, तुज्या बायकोला गोष्ट सांगता येत न्हाई. म्हणजे काय?” मी म्हणाले, मालिकेचं बोलत असतील.

मग मी पाच दिवस खरी मालिका सांगितली, वहीत पाहून, एक शब्द इकडचा तिकडं न करता. पहिल्या दिवशी आश्रमातल्या सासूला एका साधूनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी तो साधू तिचा हरवलेला दीर निघाला. तिसरा अख्खा दिवस दोघं एकमेकांकडं बघत होते. चौथ्या दिवशी मोठ्या सुनेची जुळी बहीण आली. आत्याबाई ऐकत होती आणि प्रश्न विचारत नव्हती. पाचव्या दिवशी जुळ्या बहिणीनं मोठीला तळघरात कोंडलं, तेव्हा तिनं हात वर केला.

“तळघर कधी बांधलं?”

“आज.”

“थांब,” ती म्हणाली. तांब्यातलं पाणी प्यायली, उरलेलं घमेल्यात ओतलं. “ह्यापरीस तुजं बरं होतं. त्या धाकटीचं काय झालं?”

“पण तुमीच म्हणालात, खरं सांग.”

“खरं कळलं आता. धाकटीचं सांग.” मग म्हणाली, “त्या बंगल्याच्या मागं एक गाय बांध. मागच्या दाराला. म्हंजी धुवणाचं जमतंय.”

म्हणून मी बंगल्याच्या मागं गाय बांधली. आधीपासून होती, फक्त सासूच्या खोलीतून दिसत नव्हती, असं ठरवलं. आत्याबाईनं ते मान्य केलं, पण ती लालकंधारी असावी आणि गाभण नसावी, एवढ्या श्रीमंतांना गाभण गाईचं जमत नाही, अशा दोन दुरुस्त्या केल्या. तिथून पुढं कथा आम्ही दोघी चालवू लागलो. मी सांगायची, ती अडवायची. धाकटी कुठं गेली हे ठरवायलाच तीन दुपारी गेल्या. मी तिला रेल्वेत बसवत होते. आत्याबाई म्हणाली, हातात पैसा नाही, ओळख नाही, ती कुठं जाणार, ती मागच्या दाराशी गाईजवळच बसलेली असंल. आणि खरंच, ते जास्त पटण्यासारखं होतं.

प्लास्टर ठरल्या दिवशी निघालं. त्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या हजेरीच्या वेळी, लालकंधारी व्याली. मला धनगराच्या म्हातारीच्या नातीनं फोन केला तेव्हा मी संकलनावर होते. रांगेतली शेवटची बरणी मोजून मी निघाले. पोचले तोवर कालवड उभी राहिली होती आणि आत्याबाईनं तिला गाठोड्यातल्या जुन्या लुगड्यानं पुसून घेतलं होतं. गाठ तेव्हा सुटली. बाकीचे कपडे खाटेवर पसरले होते.

कबूल केल्याप्रमाणे मी छावणीसाठी दुसरं माणूस बघून ठेवलं होतं, संस्थेतल्या शिपायाची विधवा बहीण. आत्याबाईनं तिला विचारलं, गोष्ट सांगता येते का. ती म्हणाली, नाही. आत्याबाई म्हणाली, बरं हाय. आणि पुढं दोन आठवडे तिच्याबरोबर छावणीत राहिली, कालवडीला दूध नीट पाजतात का ते बघायला. तिचा त्या बाईवर विश्वास बसायला तेवढे दिवस लागले.

घरी आली त्या संध्याकाळी आठला मी टीव्ही लावला. तिच्या जागेवर वाकळ टाकली. मालिका चालूच होती. तळघर आता तीन खोल्यांचं झालं होतं. आत्याबाईनं दहा मिनिटं नीट बघितलं. स्वयंपाकघराचं दृश्य आलं. कुणीतरी कांदा चिरत नव्हतं, नुसतंच चिरल्यासारखं करत होतं, आणि मागं नळ चालू होता.

“गाय कुठं हाय?” तिनं विचारलं.

“ह्यात गाय न्हाई, आत्याबाई. ही खरी.”

“मग हे बघतंय कोन?” ती म्हणाली आणि काठी घेऊन उठली, छावणीत राहिलेल्या कालवडीची चौकशी करायला फोन कुठं ठेवलाय ते शोधायला.

भाग संपायला बारा मिनिटं होती. मी बसून बघितला. वहीत नळाची नोंद केली, कांद्याची केली. आणि त्याखाली, तिचं म्हणून वेगळ्या ओळीत: बंगला एवढा, मागच्या दाराला काही नाही.